शेंगेला फॉइल कशाला गुंडाळायचं?

परवा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला, रॉयल जेली (कामकरी माश्या राणीच्या अळीला भरवतात तो रस) खा, राणीमाशी वर्षानुवर्षं जगते तसं तुम्हीपण जगाल. आवो, राणी ती जेली अळी असल्यापासनं खाते, आपण अळी आहे का? असो, राणीचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगतो.

पाटगावकडं (भुदरगडातलं ते मधाचं गाव) एका मधपाळ मित्राच्या पेटीत राणीघरं लागलेली. राणीघर म्हणजे नवी राणी जिच्यात वाढते ती खोली, दिसायला पोळ्याला खाली तोंड करून लोंबणारी भुईमुगाची शेंगच, तशीच खडबडीत. माझ्या पेटीतली राणी नुकतीच मेलेली म्हणून एक मागून घेतलं. त्यानं भोवतीच्या पोळ्याच्या तुकड्यासकट कापून दिलं, टोक खालीच ठेव, गार होऊ देऊ नको म्हणाला, आणि मी ते शर्टाच्या खिशात टाकून गाडीवरनं कोल्हापूरला आणलं आणि पेटीतल्या दोन फ्रेमच्या (पोळं धरणाऱ्या चौकटींच्या) मधी अडकवलं. दोन दिवसांनी बघतोय तर शेंगेला बाजूनं भोक.

बाजूनं भोक म्हणजे आतल्या राणीचा खून. राणी स्वतः बाहेर पडली तर खालचं टोक डब्याच्या झाकणासारखं गोल कापलेलं असतं.

पण बाजूनंच का? आत राणीचं डोकं खाली असतं. अळी कोष विणते तो फक्त डोकं, छाती आणि पोटाच्या पहिल्या वळ्यापर्यंत, मागं उघडाच. हे १७९२ मध्ये मधमाश्यांचा अभ्यासक फ्रान्स्वा ह्युबरनं लिहून ठेवलंय, हा माणूस आंधळा, बघायचं काम त्याचा नोकर ब्युर्नां करायचा! म्हणजे टोकाला चिवट रेशीम आणि वरच्या अंगाला नुसतं मेण. आधी जन्मलेली राणी तिथंच कुरतडते आणि नांगी घालते, तिच्या नांगीचे काटे बारीक असतात त्यामुळं कामकरी माशीसारखी ती डंख मारून मरत नाही, एकामागनं एक शेंगा संपवत जाते. परकं राणीघर नको असलं की कामकरी माश्यापण बाजूनंच फाडतात, माझ्या पेटीत बहुतेक तेच झालं.

म्हणून बाजूनं फॉइल गुंडाळायची किंवा तारेचं स्प्रिंग घालायचं, टोक मात्र मोकळं, नाहीतर राणी आतच अडकायची. शेंग पोळ्यावरनं कापायची वेळपण टोकच सांगतं. अंड्यापासनं साधारण सोळाव्या दिवशी राणी बाहेर पडते, त्याच्या दोनेक दिवस आधी कामकरी माश्या टोकावरचं मेण खरवडून काढतात आणि खालचं तपकिरी रेशीम दिसायला लागतं. त्याच्या आधी आतली राणी लई नाजूक, हिसका बसला की पंख वाकडे.

पुढच्या खेपेला शेंग डब्यात कापूस घालून उभीच आणली, फॉइल लावून बसवली. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तर खालचं झाकण एका कडेला लोंबत होतं.