सोलापूरहून आफ्रिकेला कामाला निघालात? यलो फीवरची लस आणि पिवळं कार्ड कसं काढायचं

आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतले फिटर, केमिस्ट, बॉयलरवाले युगांडा, केनिया, नायजेरियाला कामाला जातात, आणि व्हिसा, मेडिकल, तिकीट सगळं झाल्यावर शेवटच्या आठवड्यात कोणीतरी सांगतं की अरे यलो फीवरचं (डासामुळं होणाऱ्या पिवळ्या तापाची लस घेतल्याचं) कार्ड लागतं, मग पळापळ. तसं करू नका ओ. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते कार्ड लागू होतं, त्याच्या आधीचं धरत नाहीत.

ही लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते. आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर यादी आहे, सोलापूरकरांना बहुतेक पुणे नाहीतर मुंबईच गाठावी लागते. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते म्हणून केंद्रं ठरावीक दिवशीच लस देतात, त्यामुळं आधी अपॉइंटमेंट घ्या मगच हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढा, आणि वेळ सकाळची असेल तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा.

कागदपत्रं फार नाहीत. ओरिजिनल पासपोर्ट आणि झेरॉक्स, अपॉइंटमेंटची पावती, फी (केंद्रानुसार बदलते), आणि बीपी-शुगरच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथंच उभं राहून तपासा, सही-शिक्का बघा.

९ महिन्यांच्या पुढं कोणालाही घेता येते, पण ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी, कॅन्सरचे उपचार, अवयव बदललेला, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना देत नाहीत. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि ६० च्या वरचे यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. लस घेता येत नाही असं पत्र मिळतं, तरी भारतात परत येताना क्वारंटाइन होऊ शकतं हे धरून चाला.

कार्ड एकदाच काढायचं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर १० वर्षं लिहिलेलं असलं तरी.

बरेच जण विचारतात की देश बदलला तर लस वेगळी लागते का. नाही लागत. या विषाणूचे ७ जनुकीय प्रकार सापडलेत, ५ आफ्रिकेतले आणि २ दक्षिण अमेरिकेतले, पण डेंग्यूचे जसे ४ वेगवेगळे सिरोटाइप (शरीराची प्रतिकारशक्ती वेगवेगळे धरते असे प्रकार) असतात तसं इथं नाही, सिरोटाइप एकच. त्यामुळं १९२७ साली घानातल्या एका पेशंटच्या विषाणूपासून पुढं तयार झालेली १७डी लस सगळ्या प्रकारांवर चालते.

आणि पैसे देऊन नुसतं कार्ड करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी अजिबात लागू नका. २०१५ च्या डिसेंबरात अंगोलात लुआंडाला साथ सुरू झाली, ती काँगोत गेली, किन्शासात लस पुरेना म्हणून एक पंचमांश डोस द्यावा लागला, आणि अंगोलातून चीनला परतलेले ११ जण हा ताप घेऊनच आले, आशियात हा रोग पोहोचायची ती पहिलीच वेळ. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडं भरपूर आहे, तोच डेंग्यूवाला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, घरोघरी बॅरल भरलेले, त्यातच तो वाढतो. म्हणून अशा देशातून कार्डाशिवाय आलेल्याला विमानतळावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लागण झाल्यावर ताप यायला ३ ते ६ दिवस लागतात, त्यावरून हे दिवस ठरलेत.

मधे अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलायचं असेल तरी कार्ड लागेल का ते एअरलाइनला विचारून घ्या. कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. परत आल्यावर आठवड्याच्या आत ताप आला तर डॉक्टरांना आधी कुठून आलो ते सांगा आणि मच्छरदाणीतच झोपा.