सूर किंचित सुटलेला: वादकांच्या लाडक्या सिंथेसायझरांमागचं विज्ञान

२०२० मध्ये प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटमधून आवाज घडवणारं वाद्य, नव्याने बाजारात आला, तेव्हा त्याच्या पॅनेलवर मूळ वाद्यात नसलेला एक नॉब होता. त्याचं नाव ‘व्हिंटेज’. हा नॉब एका टोकाला ठेवला की वाद्य काटेकोर सुरात बोलतं. दुसऱ्या टोकाकडे नेलं की त्याच्या पाच आवाजांपैकी, म्हणजे एकेक स्वर वाजवणाऱ्या पाच स्वतंत्र सर्किटांपैकी, प्रत्येक जण थोडा वेगळा वागू लागतो: कुणाचा सूर केसभर चढा, कुणाचा उतरलेला, कुणाचा फिल्टर, म्हणजे आवाजातली चमक कमी-जास्त करणारा भाग, जरा उशिरा उघडणारा. १९७८ सालच्या पहिल्या प्रॉफेट-५ मध्ये हे सगळं आपोआप होई आणि ते होऊ नये म्हणून त्याचे निर्माते डेव्ह स्मिथ यांनी पुष्कळ खटपट केली होती. चार दशकांनंतर तीच चूक हवी तेवढी मोजून देणारा नॉब त्याच स्मिथ यांच्या कंपनीने बसवला.

सिंथेसायझर वाजवणाऱ्यांना त्यांची आवडती यंत्रं विचारा. मिनीमोग, प्रॉफेट-५, ज्युनो-१०६, सीएस-८०, टीबी-३०३ ही नावं पुन्हा पुन्हा येतात. यातली बहुतेक यंत्रं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहेत, आणि अचूकतेत आजचं साधं डिजिटल यंत्रही त्यांना सहज मागे टाकेल. तरी जीव त्यांच्यावरच. आठवणींचा मोह हे त्याचं एक कारण असेलही, पण मला ते पुरेसं वाटत नाही. खरं कारण या यंत्रांच्या सर्किटमध्ये आणि आपल्या कानात आहे.

आपला कान बदल टिपण्यासाठी घडलेला आहे. पंख्याची एकसुरी घरघर थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते. पंखा बंद झाला की मात्र लगेच कळतं. व्हायोलिनचा गज किंवा गायकाचा श्वास कधीच दोन क्षण सारखा नसतो, म्हणून लांबवलेला स्वरही आपण धरून ऐकतो. विजेच्या सर्किटमधून निघालेला स्वर मात्र स्वभावतःच स्थिर आणि म्हणून निर्जीव असतो. त्यात हालचाल आणायची कुठून, हा सिंथेसायझर बनवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न होता. प्रत्येक लाडक्या यंत्राने त्याचं आपापलं उत्तर शोधलं, कधी ठरवून, कधी नकळत.

सुरुवात अमेरिकी अभियंते रॉबर्ट मोग यांच्यापासून करायला हवी. (अनेक जण ‘मूग’ म्हणतात, ते स्वतः ‘मोग’ म्हणत.) १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत त्यांनी सिंथेसायझरचा पहिला नमुना बनवला. त्यातली मोठी कल्पना अशी की आवाजाची प्रत्येक गोष्ट विजेच्या दाबाने, म्हणजे व्होल्टेजने, नियंत्रित करायची. पुढे त्यांनी मोजमापही ठरवून टाकलं: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर.

ऐकायला हे सोपं आहे, करायला अवघड. सप्तक वर जाणं म्हणजे वारंवारता दुप्पट होणं. २२० हर्ट्झवरून (म्हणजे सेकंदाला २२० कंपनांवरून) ४४०, तिथून ८८०. व्होल्टेज बेरजेने वाढतं आणि वारंवारता गुणाकाराने वाढायला हवी. हे रूपांतर करण्यासाठी मोग यांनी ट्रान्झिस्टरचा एक अंगभूत गुण वापरला. ट्रान्झिस्टरला दिलेलं व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवलं की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. हवं होतं तेच गणित निसर्गाने फुकट दिलं होतं.

फक्त त्यात एक मेख होती. हे १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात. तापमान एक अंशाने वाढलं की हा आकडा साधारण ०.३३ टक्क्यांनी वाढतो. किरकोळ वाटतं ना? हिशेब करून पाहू. मूळ सुराच्या चार सप्तकं वर वाजवत असाल आणि सर्किटमध्ये भरपाईची काहीच सोय नसेल, तर पाच अंशांच्या फरकाने सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली येतो, म्हणजे पियानोची पुढची पट्टी गाठण्याइतका. मंचावरचे दिवे तापले, दार उघडून गार वारा आला, की वाद्य बेसूर. यावर उपाय म्हणून तापमानाबरोबर स्वतःही बदलणारे रोधक आणि एकमेकांशी जुळवलेल्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या वापरल्या गेल्या. घसरण पुष्कळ कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. संगीतकार वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये मोग सिंथेसायझरवर जुन्या काळचे जर्मन संगीतकार बाख यांचं संगीत ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा एका वेळी एकच स्वर वाजत असे आणि सूर पुन्हा पुन्हा जुळवावे लागत.

आता या घसरणीची दुसरी बाजू. १९७० मध्ये आलेल्या मिनीमोग मॉडेल डीमध्ये तीन ऑसिलेटर आहेत, म्हणजे मूळ कंपनं निर्माण करणारी तीन सर्किटं. समजा एक २२० हर्ट्झवर आहे आणि दुसरं किंचित सरकून २२०.५ वर. अर्ध्या हर्ट्झचा हा फरक बेसूर म्हणून कानाला जाणवत नाही. पण दोन्ही लहरी एकत्र आल्या की कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडून काढतात, आणि दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगून ओसरतो. भौतिकशास्त्रात यालाच विस्पंद म्हणतात. दोन तारा एका सुरात जुळवताना शेवटी ऐकू येते ती हीच लाट.

सिंथेसायझरचा स्वर मात्र एकाच लहरीचा नसतो. करवतीच्या दातांसारख्या आकाराच्या लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे हार्मोनिकही असतात. दोन ऑसिलेटरांच्या दुसऱ्या हार्मोनिकमधला फरक एक हर्ट्झ, तिसऱ्यामधला दीड, दहाव्यामधला पाच. म्हणजे खालचे हार्मोनिक सावकाश डुलतात आणि वरचे भरभर, प्रत्येक जण आपल्या चालीने. आवाजातली चमक एका जागी थांबतच नाही. मिनीमोगच्या बेसला वादक ‘जाड’ म्हणतात, ‘भरलेला’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा या हालचालीचा आहे. आणि तापमानामुळे ऑसिलेटर सतत सूक्ष्म सरकत राहिल्याने ही हालचालसुद्धा तशीच्या तशी पुन्हा घडत नाही.

मिनीमोगचा फिल्टरही याच तोलामोलाचा. मोग यांचं पेटंट असलेलं हे सर्किट आकृतीत शिडीसारखं दिसतं, म्हणून त्याला लॅडर फिल्टर म्हणतात. शिडीच्या चार पायऱ्या ठरावीक मर्यादेच्या वरचे हार्मोनिक टप्प्याटप्प्याने कापतात. मर्यादेपासून दर सप्तकागणिक सुमारे १६ पटींनी. पण आवाजाची जात कापण्याने ठरत नाही, शिडी ताणली गेल्यावर ठरते. तिन्ही ऑसिलेटरांचा जोर एकदम आत सोडला की ट्रान्झिस्टर लहरींची टोकं हळुवार दाबून गोल करतात, आणि या दाबण्यातून मुळात नसलेले हार्मोनिक जन्माला येतात. शुद्ध अभियांत्रिकीच्या भाषेत ही विकृती. कानाला ती ऊब वाटते. वादकांनी तर हेडफोनसाठीचा आवाज केबलने पुन्हा बाहेरच्या इनपुटमध्ये घालून ही विकृती आणखी वाढवण्याची युक्ती शोधली, आणि ती आजही वापरात आहे.

मिनीमोगवर एका वेळी एकच स्वर वाजतो. अनेक स्वर एकत्र वाजवायचे तर हे सगळं सर्किट तितक्या वेळा बसवावं लागतं. यामाहाच्या सीएस-८० मध्ये आठ आवाज होते आणि यंत्राचं वजन १०० किलोच्या घरात गेलं. त्याची खरी श्रीमंती पट्ट्यांमध्ये होती. दाबलेल्या प्रत्येक पट्टीवर बोटाचा दाब वाढवला की फक्त त्याच स्वराचा आवाज उजळे, बाकीचे स्वर तसेच राहत. आवाजातला जीव इथे थेट बोटांतून येत होता. ग्रीक संगीतकार व्हँजेलिस यांचं या वाद्यावर किती प्रेम होतं, ते त्यांचे लांबवलेले, थरथरत चढणारे स्वर ऐकून कळतं.

प्रॉफेट-५ ने वेगळीच अडचण सोडवली. तोपर्यंत मनासारखा आवाज सापडला की नॉबच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या लागत. स्मिथ आणि त्यांचे सहकारी जॉन बोवेन यांनी वाद्यात मायक्रोप्रोसेसर बसवला, आणि नॉबच्या अशा ४० जुळण्या स्मृतीत राहू लागल्या. तोच प्रोसेसर एक बटण दाबल्यावर सगळे ऑसिलेटर मोजून सुरातही आणत असे. पहिल्या दोन आवृत्त्यांमधल्या एसएसएम या कंपनीच्या चिप जरा बेभरवशाच्या होत्या. तिसऱ्या आवृत्तीत डग कर्टिस यांच्या चिप आल्या, त्यात तापमानाची भरपाई चिपमध्येच होती, आणि वाद्य बरंच स्थिर झालं. आजही जाणकारांमध्ये वाद आहे की आधीची आवृत्ती अधिक सुंदर वाजते की नंतरची. मला वाटतं, ज्या वाद्याबद्दल असा वाद इतकी वर्षं पुरतो, त्याचा आवाज खरोखर ऐकण्याजोगा आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. स्मिथ यांची सिक्वेन्शियल ही कंपनी बंद पडली आणि तिचं नाव यामाहाकडे गेलं. २०१५ मध्ये यामाहाने ते नाव स्मिथ यांना परत दिलं, आणि त्यासाठी शब्द टाकला होता रोलंड या जपानी वाद्यकंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी. दोघेही प्रतिस्पर्धी. पण याच दोघांच्या पुढाकारातून वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मिडी ही सामाईक भाषा १९८३ मध्ये प्रत्यक्षात आली होती.

काकेहाशींच्या रोलंडने घसरणीच्या प्रश्नाला ज्युनो मालिकेत दिलेलं उत्तर मला सर्वांत हुशारीचं वाटतं. १९८४ च्या ज्युनो-१०६ मध्ये ऑसिलेटरची नाडी स्फटिकाच्या ठोक्यांवरून डिजिटल मोजणीने ठरते. सूर ढळण्याचा प्रश्नच मिटला. पण प्रत्येक आवाजाला एकच ऑसिलेटर, तोही अचल; म्हणजे विस्पंदांची ती हालचाल गेली. मग रोलंडने वाद्याच्या शेवटी कोरस नावाचं सर्किट जोडलं. त्यात आवाजाची प्रत काही मिलिसेकंद उशिराने निघते, आणि हा उशीर सावकाश कमी-जास्त होत राहतो. उशीर बदलत असताना प्रतीचा सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. मूळ आवाजात ती मिसळली की पुन्हा तीच लाट. एका हाताने काढून घेतलेला अस्थिरपणा दुसऱ्या हाताने, अगदी मोजून, परत दिलेला. ज्युनोचा कोरस लावल्यावर साधा सूरही खोलीभर पसरतो.

यामाहाचा डीएक्स७ मात्र या कुळातला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार जॉन चाउनिंग १९६७ मध्ये संगणकावर कंपित स्वराचे प्रयोग करत होते. कंपनाचा वेग त्यांनी वाढवत नेला. एका मर्यादेनंतर सुराचं हलणं ऐकू येईनासं झालं आणि त्याऐवजी आवाजाचा पोतच बदलला. २०० हर्ट्झचा स्वर २०० हर्ट्झनेच हलवला तर ४००, ६००, ८०० असे हार्मोनिक उगवतात. आकड्यांचं गुणोत्तर तिरकं ठेवलं, समजा १ ला १.४, तर घंटेसारखा धातूचा नाद येतो. एकाही फिल्टरशिवाय, दोन साध्या लहरींतून हे सगळं मिळतं. १९८३ च्या डीएक्स७ मध्ये अशा सहा लहरी ३२ प्रकारे जोडता येत आणि एकदम १६ स्वर वाजत. सूर दगडासारखा पक्का. तरी तो निर्जीव वाटला नाही, कारण पट्टी किती वेगाने दाबली यावर हलवणाऱ्या लहरीची ताकद ठरवता येत असे. हळू वाजवलं तर मऊ, जोरात वाजवलं तर टणत्कार. मात्र नॉब जवळजवळ नव्हतेच. छोट्या पडद्यावर एकेक आकडा बदलत आवाज घडवावा लागे. त्यामुळे बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेलेच आवाज वाजवले, आणि ऐंशीच्या दशकातली कितीतरी गाणी एकाच इलेक्ट्रिक पियानोवर वाजवल्यासारखी वाटतात.

टीबी-३०३ ची कथा याच्या नेमकी उलट. रोलंडसाठी तादाओ किकुमोतो यांनी घडवलेली ही चंदेरी डबी बेस गिटारची साथ करण्यासाठी होती. त्या कामात ती सपशेल पडली. आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि स्वर एकीकडे व लय दुसरीकडे भरण्याची तिची पद्धत डोकं पिकवणारी होती. सुमारे १०,००० नग बनवून १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. शिकागोतल्या तरुणांना ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली. त्यांनी तिच्याकडून गिटारची अपेक्षाच ठेवली नाही. तेच तेच स्वर फिरत ठेवले आणि वाजत असतानाच फिल्टरचे नॉब फिरवले. आवाज चिरकत, गुळण्या करत, वळवळत वर चढू लागला. १९८७ मध्ये फ्यूचर या गटाच्या ध्वनिमुद्रिकेतून हा आवाज जगापुढे आला आणि अॅसिड हाउस ही संगीताची नवी शाखाच तयार झाली. यात स्वर बदलत नाहीत, सूर हलत नाही. बदलतो तो फक्त पोत, आणि तो बदलते नॉब फिरवणारी बोटांची चिमूट. म्हणून मी तरी ३०३ ला अपयशी वाद्य म्हणणार नाही. तिला वाजवणारे उशिरा भेटले, इतकंच.

आता ही यंत्रं म्हातारी होत आहेत. ज्युनो-१०६ मधल्या फिल्टरच्या चिपवर एक राळेसारखा थर असतो. तो वर्षांनुवर्षांत खराब होतो आणि आवाज करकरू लागतो किंवा गायबच होतो. दुरुस्त करणारे ती चिप काढून अॅसिटोनमध्ये भिजत ठेवतात, मऊ झालेला थर हळूच सोलतात आणि चिप पुन्हा जागेवर बसवतात. अनेकदा हरवलेला आवाज परत येतो.

जुना प्रॉफेट-५ कुठे हाती लागलाच तर शेजारशेजारच्या पाच-सहा पट्ट्या एकामागून एक सावकाश दाबून पाहा. दर वेळी वाद्य नवा स्वर पुढच्या आवाजाकडे सोपवतं. पहिला जरा उजळ असेल, तिसरा थोडा मऊ, चौथा किंचित चढा, आणि सहाव्या वेळी पुन्हा पहिलाच ओळखू येईल.