जुन्या गाडीची पिकअप करायची आहे? पत्रा कापण्याआधी आरसी बुक उघडा

सातारा, कराड, सांगली भागात जुन्या घराच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी अजून सापडते. इंजिन हलवलं की फिरतं, काचा शाबूत असतात, आणि घरातल्या कुणाच्या तरी डोक्यात येतं की मागचा भाग कापून हौदा बसवला तर शेतावर जाण्यायेण्याला झकास पिकअप होईल. मिस्त्री तयार असतो. प्रश्न कागदाचा असतो.

उत्तर आधीच सांगतो. खासगी मोटारीचा मागचा भाग घरच्या घरी कापून तिची पिकअप केली आणि मग आरटीओत जाऊन आरसीवर तशी नोंद करून घेतली, असा मार्ग आज नाही. ‘करून देतो, माझी ओळख आहे’ म्हणणारा एजंट भेटला तर पैसे खिशातच ठेवा. मात्र जुन्या गाडीसाठी दुसरे दोन-तीन सरळ मार्ग आहेत आणि त्यातला एक तर गाडी न कापणाऱ्यालाच मिळतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीत जशी नोंदली, त्यापेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडक लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडाचं कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी-एलपीजी किट बसवणं, इंजिन बदलणं, रंग बदलणं यांना रीतसर अर्ज करून वाट आहे. बॉडीचा प्रकारच बदलायला ती नाही. शिवाय विमा कंपनीला न सांगता गाडीचं रूप पालटलं, तर अपघातानंतर क्लेम अडकतो, आणि समोरच्याला लागलं असेल तर भरपाई तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते.

नियम बाजूला ठेवला तरी पत्र्याचं गणित आहेच. जुन्या विलीज जीपला खाली शिडीसारखी वेगळी चेसिस असते. वरचं सगळं उतरवलं तरी खालचा सांगाडा वजन पेलतो. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी तशा नाहीत. त्यांची बॉडी हीच चेसिस आहे. छत, खांब, फरशी आणि दारांखालचे पेटीसारखे पट्टे मिळून गाडीला ताठ ठेवतात. छत मध्ये कापलं की गाडी कमरेत बसते. लगेच कळत नाही. आधी पुढचं दार उचलून लावावं लागतं, मग कुलपाची जीभ खाच सोडून खाली घासू लागते, आणि पुढे काचेच्या कोपऱ्यातून तडा निघतो. त्यावर हळदीची चार पोती टाकून घाट उतरायचा म्हणजे कठीण काम.

स्वीडनमध्ये याच हौसेला कायद्याने वेगळी जागा दिली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टरची टंचाई झाली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी कापून घरगुती ट्रॅक्टर केले. तीच परंपरा आज ‘ए-ट्रॅक्टर’ म्हणून नोंदते, वेग ताशी ३० किलोमीटरवर बांधलेला, आणि पंधरा वर्षांची पोरंही ते चालवतात. आपल्याकडे असा वर्ग नाही. सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली आणि २०२१ च्या अखेरीस तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या अडवतील, हेही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. प्रत्येकाला बोलेरो मिळेलच असं नाही.

आता तुमच्या गाडीकडे वळू. आरसी बुक काढा आणि ‘बॉडी टाइप’ची ओळ वाचा. तिथे पूर्वीच पिकअप लिहिलेलं असेल, म्हणजे आजोबांच्या काळात रीतसर नोंद झालेली असेल किंवा गाडी कंपनीतूनच तशी आलेली असेल, तर तुम्हाला रूपांतराचा अर्जच करायचा नाही. फक्त नोंदणी चालू ठेवायची आहे. आरसीवर सलून किंवा सेडान, म्हणजे साधी मोटार, आणि दारात उभी पिकअप, अशी जोडी असेल तर नूतनीकरणाच्या तपासणीत निरीक्षक तिथेच थांबवेल. अशी कापलेली गाडी विकत घेण्याआधी ही ओळ पाहाच.

गाडी अखंड आहे आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली आहेत? मग कापणं म्हणजे शुद्ध नुकसान. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी अशा गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. अटी अशा की गाडी दुचाकी किंवा चारचाकी असावी, व्यापारी वापराची नसावी, मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. एकदा हौदा बसला की ही पात्रता गेली. अर्ज फॉर्म २० मध्ये, परिवहन पोर्टलवरून. सोबत विमा, जुनं आरसी, आणि गाडी परदेशातून आणलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री. राज्याची समिती गाडी पाहते. नव्याने नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, आणि मुदत १० वर्षांची. नवा नंबर घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि माझ्या मते ठेवावाच, कारण तीन अक्षरांची ती जुनी पाटी हीच अर्धी शान. नियमांत प्रमाणपत्र ६० दिवसांत द्यायचं लिहिलं आहे. वापर मात्र प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढाच. रोज मंडईला न्यायची असेल तर हा दर्जा घेऊ नका.

पंधरा ते पन्नासच्या मधल्या गाड्यांचं काम साधं पण खर्चाचं. फॉर्म २५ भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १०,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू लागतात.

खरं घोडं अडतं ते नावावर. गाडी अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असते. आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर करा: मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. मुंबईतल्या चुलत्याची सही राहिली म्हणून फाईल महिनोन्‌महिने पडून राहते, तेव्हा तीच आधी आणा. आरसी हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत नोंदलेली असेल तर तिथली एनओसी, फॉर्म २८. एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड, एमएच १० सांगली. १९८९ आधीच्या नंबरांची नोंद संगणकावर नसली तर मूळ कार्यालयातलं जुनं रजिस्टर शोधावं लागतं, त्याला वेळ धरून चला. अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिल ठसाही लागतो. वर्षानुवर्षांचं ऑइल आणि धूळ साचून तो नंबर बुजलेला असतो. रॉकेलचा बोळा फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा, मग कागद धरून पेन्सिल आडवी घासा. ग्राइंडर लावू नका; खरवडलेला नंबर बघून निरीक्षकाला गाडी चोरीची वाटते.

एवढं सगळं वाचूनही कापायचीच असेल, तर ती रस्त्यावर न आणण्यासाठी कापा. पुणे-बंगळूर महामार्गावर एखाद्या हॉटेलाच्या अंगणात शोभेला, नाहीतर बागेत हौद्यात झाडं लावायला. गाडी कायमची वापराबाहेर गेली की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायचं असतं, कलम ५५. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र हातात घ्या, आणि ती गाडी दुसऱ्या अंगणात न्यायची वेळ आली तर चाकांवर नको, टेम्पोत चढवून न्या. विनानोंदणी गाडी रस्त्यावर दिसली तर पहिल्या खेपेलाच ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.