सामाजिक मानसशास्त्र : मूळ प्रश्न आणि संकल्पना

माणसाचे विचार, भावना आणि वर्तन यांवर इतर माणसांचा प्रभाव कसा पडतो, याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. ही ‘इतर माणसे’ समोर हजर असलीच पाहिजेत असे नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये केलेली व्याख्या आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. तिच्यात प्रत्यक्ष, कल्पित आणि सूचित अशी तिन्ही प्रकारची उपस्थिती धरलेली आहे. घरात एकटा असलेला माणूस ‘लोक काय म्हणतील’ या विचाराने हात आखडता घेतो, तेव्हा बघायला कोणीही नसते. तरी ती घटना या शास्त्राच्या कक्षेत येते.

समाजशास्त्र गट, वर्ग आणि संस्था यांचा विचार करते. व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र दोन माणसांमधला फरक शोधते. सामाजिक मानसशास्त्राचा प्रश्न या दोन्हींच्या मधला आहे : तोच माणूस परिस्थिती बदलली की वेगळा का वागतो? कर्ट लेविन (१८९०–१९४७) यांनी १९३६ मध्ये याचे सूत्रच मांडले : वर्तन हे व्यक्ती आणि तिचे पर्यावरण या दोहोंचे फलन असते. लेविन १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी अनेकांनी युद्ध आणि वंशद्वेष जवळून पाहिले होते, आणि त्यांच्या प्रयोगांचे विषय पाहिले की ते जाणवते.

सुरुवात मात्र सायकलींच्या शर्यतीपासून झाली. एकट्याने वेळ नोंदवणाऱ्या सायकलपटूंपेक्षा सोबत स्पर्धक असलेले सायकलपटू वेगाने जातात, हे नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या लक्षात आले. त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची रिळे फिरवायला लावली, कधी एकट्याने तर कधी जोडीने, आणि १८९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४० मुलांपैकी २० जणांचा वेग सोबतीने वाढला, १० जणांचा मंदावला आणि १० जणांत विशेष फरक पडला नाही. त्याआधी, १८८० च्या दशकात, फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांना उलटे चित्र दिसले होते. दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की एकूण जोर वाढतो, पण दर माणशी जोर घटतो. आठ जणांच्या गटात तो जवळपास निम्म्यावर येतो. काही घट ताळमेळ न जमल्याने होते. उरलेली घट म्हणजे निव्वळ अंग चोरणे. १९७९ मध्ये टाळ्या आणि आरोळ्यांच्या प्रयोगांतून ती वेगळी काढून दाखवली गेली आणि तिला ‘सामाजिक आळस’ हे नाव मिळाले.

मग सोबत माणसाला चढवते की ढिला करते? रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये याची उकल सुचवली. इतरांच्या उपस्थितीने उत्तेजना वाढते आणि अंगवळणी पडलेली प्रतिक्रिया जोर धरते. म्हणून सोपे काम सुधारते, अवघड काम बिघडते. हे पडताळायला त्यांनी १९६९ मध्ये झुरळे वापरली. सरळ नळीतून प्रकाशापासून पळायचे असेल, तर बाजूच्या काचेच्या खोक्यांत बसलेल्या ‘प्रेक्षक’ झुरळांसमोर झुरळ अधिक वेगाने पळे. वाट वाकडी केली की प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागे. झुरळाला अब्रूची काळजी नसावी, त्यामुळे ‘लोक काय म्हणतील’ हे एकच स्पष्टीकरण पुरत नाही, हा या प्रयोगाचा खरा मुद्दा. रिंगेलमान यांच्या दोरापाशी आणखी एक गोष्ट वेगळी होती : तेथे कोणी किती ओढले हे कळायला मार्ग नव्हता.

‘अनुरूपता’ म्हणजे गटाचे पाहून आपले मत किंवा वर्तन बदलणे. या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केला. खोलीत सात-आठ विद्यार्थी रांगेत बसलेले. समोर दोन कार्डे : एकावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तीनपैकी कोणती रेघ पहिलीएवढी आहे, ते एकेकाने मोठ्याने सांगायचे. उत्तर इतके उघड की एकट्याने पाहताना कोणी क्वचितच चुकेल. पण रांगेतले बाकीचे सगळे ॲश यांना सामील होते, आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. खरा प्रयोगार्थी शेवटून दुसरा किंवा शेवटचा बसवलेला असे. आपली पाळी येईपर्यंत तो खुर्चीत चुळबुळत राही, डोळे बारीक करून पुन्हा कार्डाकडे पाही, ओशाळे हसे. अशा फेऱ्यांतील सुमारे ३७ टक्के उत्तरे गटामागे गेली. सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी वाकले.

हा प्रयोग सांगताना दुसरी बाजू बहुधा गाळली जाते. सुमारे ६३ टक्के उत्तरे बरोबर होती आणि चौथा हिस्सा लोक एकदाही वाकले नाहीत. ॲश यांना स्वतःला या स्वातंत्र्यात तितकाच रस होता. एक जरी साथीदार खरे बोलला, तरी अनुरूपतेचे प्रमाण साधारण चतुर्थांशावर येई. माणूस गटामागे का जातो, याची दोन कारणे १९५५ पासून वेगळी मानली जातात. एकात त्याला खरेच वाटते की इतरांना जास्त कळत असावे. हा माहितीजन्य प्रभाव. दुसऱ्यात आपले बरोबर आहे हे त्याला ठाऊक असते, पण चारचौघांत वेगळे पडायचे नसते. हा मानदंडजन्य प्रभाव. मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये अंधाऱ्या खोलीत स्थिर ठिपका हलल्यासारखा दाखवून लोकांचे अंदाज हळूहळू एकमेकांजवळ येताना पाहिले होते, तो पहिल्या प्रकाराचा नमुना. ॲश यांच्या खोलीत बव्हंशी दुसरा प्रकार होता.

अनुरूपतेत दडपण बरोबरीच्यांचे असते, आज्ञापालनात वरच्याचे. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१–६२ मध्ये येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगांत सामान्य नागरिकांना सांगितले गेले की चुकणाऱ्या ‘विद्यार्थ्या’ला दर चुकीला १५ व्होल्टने वाढणारा विजेचा धक्का द्यायचा. धक्के खोटे होते, विद्यार्थी नाटक करत होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात ४० पैकी २६ पुरुष ४५० व्होल्टपर्यंत गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी आधी केलेला अंदाज हजारात एखादा असा होता. मात्र ‘६५ टक्के’ हा एकच आकडा लक्षात ठेवणे म्हणजे प्रयोग अर्धाच वाचणे. विद्यार्थी त्याच खोलीत असला की प्रमाण ४० टक्के, त्याचा हात धरून पट्टीवर टेकवावा लागला की ३०, हुकूम देणारा फोनवर असला की २० च्या आसपास. स्वभाव तेच, फक्त अंतरे बदललेली.

परिस्थितीचे बळ एवढे असेल, तर ते आपल्याला दिसत का नाही? इथून ‘कारणारोपण’ ही संकल्पना सुरू होते. फ्रिट्झ हायडर यांच्या १९५८ च्या मांडणीनुसार माणूस इतरांच्या वागण्याची कारणे सतत शोधत असतो आणि ती स्वभावात तरी ठेवतो किंवा परिस्थितीत तरी. १९६७ मधील एका प्रयोगात फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने लिहिलेले निबंध लोकांना वाचायला दिले. बाजू लेखकाने निवडलेली नसून त्याला नेमून दिलेली आहे, हे सांगूनही वाचकांनी लेखकाला काही अंशी कॅस्ट्रोसमर्थकच ठरवले. या कलाला १९७७ मध्ये ली रॉस यांनी ‘मूलभूत आरोपण दोष’ हे नाव दिले. आपल्या माणसाच्या बाबतीत तराजू उलटा झुकतो; ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण या दोषाचे दोन्ही अर्धे एका दमात सांगते. हा दोष किती ‘मूलभूत’ आहे, यावर मतभेद आहेत. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये केलेल्या तुलनेत शिकागोतील प्रौढांनी स्वभावाची कारणे जास्त दिली, तर म्हैसूरमधील प्रौढांनी परिस्थितीची आणि नात्यांची. लहान मुलांत मात्र हा फरक फारसा नव्हता. म्हणजे ही सवय बरीचशी शिकलेली असते.

एखाद्या व्यक्तीविषयी, वस्तूविषयी किंवा कल्पनेविषयी मनात असलेला अनुकूल-प्रतिकूल कल म्हणजे ‘अभिवृत्ती’. ती वर्तनाशी जुळतेच असे नाही. रिचर्ड लापियर एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. अडीचशेहून अधिक हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी फक्त एकाने त्यांना नाकारले. नंतर पत्राने विचारले, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी ग्राहक घेणार नाही असे कळवले (१९३४). उलट दिशेचा संबंध, म्हणजे वर्तनामुळे अभिवृत्ती बदलणे, लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये ‘बोधात्मक विसंगती’च्या सिद्धांतात मांडला. एकमेकांना न जुळणाऱ्या दोन गोष्टी मनात असल्या की अस्वस्थता येते आणि माणूस त्यांतली एक गोष्ट वाकवतो. १९५९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी अर्धा तास रिळे तबकात भरली-काढली, अर्धा तास फळीवरच्या खुंट्या पाव-पाव वळण फिरवल्या आणि मग पुढच्याला ‘फार मजा आली’ असे खोटे सांगितले. त्यासाठी २० डॉलर मिळालेल्यांनी काम कंटाळवाणे होते हे मान्य केले. एक डॉलर मिळालेल्यांना ते खरेच बरे वाटू लागले होते. २० डॉलर हे खोटे बोलण्याला पुरेसे कारण होते, एक डॉलर नव्हता.

या सिद्धांताचे एक बीज बिहारमध्ये आहे, हे फारसे सांगितले जात नाही. १९३४ च्या भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवांच्या नोंदी केल्या. जेथे धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही, अशा भागात याहून मोठे अरिष्ट येणार असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या बातम्यांवर का विश्वास ठेवतात, हे कोडे फेस्टिंजर यांना पडले. त्यांचे उत्तर असे : भीती आधीच वाटत होती आणि आजूबाजूला तिला शोभेल असे काही दिसत नव्हते, अफवेने ती उणीव भरून काढली.

बघ्यांच्या उदासीनतेवरील संशोधनाला १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या किटी जेनोवीज यांच्या खुनानंतर चालना मिळाली. ३८ साक्षीदार नुसते पाहत राहिले, ही वृत्तपत्रातली हकिकत पुढे बरीच फुगवलेली ठरली. पण तिने सुचवलेले प्रयोग टिकून आहेत. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी प्रश्नावली भरणाऱ्यांच्या खोलीत भिंतीतल्या झडपेतून धूर सोडला. एकटे असणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन कळवले. शेजारी दोन सामील माणसे निर्विकार बसलेली असली, तर फक्त १० टक्क्यांनी. बाकीचे खोकत, डोळे चोळत, हाताने धूर बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. प्रत्येकजण दुसऱ्याचा शांत चेहरा पाहून ‘काही विशेष नसावे’ असे ठरवतो, आणि त्याचा शांत चेहरा तिसरा वाचत असतो. शिवाय जबाबदारी जितक्यांत वाटली जाते, तितका एकेकाचा वाटा घटतो.

गटांमधील संबंधांत पूर्वग्रह (भावना), साचेबंद प्रतिमा (समजूत) आणि भेदभाव (कृती) हे तीन शब्द वेगळे ठेवले जातात. वैर उपजायला किती थोडे पुरते, हे हेन्री ताजफेल यांनी १९७१ मध्ये दाखवले : क्ली आणि कान्डिन्स्की यांच्यापैकी कोणाची चित्रे आवडली एवढ्या निमित्ताने शाळकरी मुलांचे दोन गट केले, तर ती आपल्या गटाला जास्त पैसे वाटू लागली. दोन गटांतले अंतर वाढावे म्हणून आपल्याच गटाच्या मिळकतीवर पाणी सोडण्याचा कलही दिसला. त्याआधी शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातील एका शिबिरात २२ मुलांचे ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’ असे संघ करून स्पर्धा लावल्या. प्रकरण प्रतिस्पर्ध्यांचा झेंडा जाळण्यापर्यंत गेले. नुसते एकत्र जेवायला बसवून काही साधले नाही. पाणी बंद पडले, ट्रक अडला, आणि तो दोघांनी मिळून ओढला, तेव्हा कटुता ओसरू लागली. ट्रक ओढायला वापरलेला दोर रस्सीखेचीचाच होता.

या शाखेची मुख्य पद्धत म्हणजे प्रयोगशाळेतील फसवणूक, आणि तिच्यावरचा मुख्य आक्षेपही तोच. मिलग्रॅम यांच्यानंतर संमती आणि खुलासा यांचे नियम कडक झाले. फिलिप झिंबार्डो यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेला तुरुंगाचा प्रयोग दोन आठवड्यांऐवजी सहा दिवसांत थांबवावा लागला. पहारेकऱ्यांना आधीच सूचना मिळाल्या होत्या असे पुढे उघड झाल्याने त्याला आता पुरावा मानणे अवघड आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच पुन्हा सार्थ निष्कर्ष मिळाले, आणि सामाजिक मानसशास्त्रात प्रमाण त्याहून कमी होते. ॲश यांचा प्रयोग मात्र अनेक देशांत टिकला; १९९६ च्या आढाव्यात १७ देशांतील १३३ अभ्यास होते, आणि अमेरिकेत अनुरूपता १९५० च्या दशकापासून घटत गेलेली दिसली. ट्रिप्लेट यांची आकडेवारीही २००५ मध्ये आजच्या संख्याशास्त्रीय पद्धतींनी तपासली गेली. सोबतीने रिळ वेगाने फिरते असे म्हणण्याइतका ठोस फरक तिच्यात जवळजवळ नव्हता. विषयाचे जन्मसाल म्हणून पाठ्यपुस्तके १८९८ च देतात.