पॅकेज मॅनेजर बंद पडणे (लिनक्स)

लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणारा, अद्ययावत करणारा व काढणारा प्रोग्रॅम काम अर्धवट टाकून बंद पडण्याचा दोष आणि त्याची दुरुस्ती.

पॅकेज मॅनेजरचा आरंभ कोठून धरावा, हे त्या शब्दाच्या व्याप्तीवर ठरते. फाइली उलगडून त्यांची यादी ठेवणे एवढेच अभिप्रेत असेल, तर स्लॅकवेअर या जुन्या लिनक्स वितरणातील पीकेजीटूलचा दावा बळकट आहे. कोणत्या पॅकेजला दुसरे कोणते लागते या परस्परावलंबनाची नोंद आवश्यक मानल्यास डेबियन या वितरणाच्या डीपीकेजी या पॅकेज मॅनेजरकडे झुकावे लागते, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. इयन मर्डॉक यांनी ते १९९४ च्या आरंभी शेल स्क्रिप्ट म्हणून लिहिले. पुढे ते पर्लमध्ये आले व त्याच सुमारास इयन जॅक्सन यांनी मुख्य भाग सी भाषेत उतरवला. पॅकेजे शोधून, उतरवून डीपीकेजीकडे सोपवणारा एपीटी हा वरचा थर १९९८ चा.

या इतिहासाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. डीपीकेजीची स्थितिनोंद (कोणते पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे याची यादी) साध्या मजकुराची असल्याने ती बिघडली तरी डोळ्यांनी वाचता येते; 'व्हार/बॅकअप्स' या फोल्डरमध्ये तिच्या जुन्या प्रतीही मिळतात. फेडोरासारख्या वितरणांतील आरपीएम या पॅकेज मॅनेजरची नोंद दीर्घकाळ बर्कली डीबी या डेटाबेसच्या द्विमान, म्हणजे डोळ्यांनी न वाचता येणाऱ्या, स्वरूपात होती (फेडोरा ३३ पासून, २०२०, एसक्यूलाइट हा डेटाबेस). तेथे नोंद नव्याने बांधणारा 'रीबिल्डडीबी' हा पर्यायच मार्ग.

कुलूप-फाइल (एका वेळी एकाच प्रक्रियेने नोंदीत लिहावे यासाठीची फाइल) प्रथम पुसावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो डेबियन कुळात चुकीचा आहे. तेथील कुलूप फाइलीच्या अस्तित्वात नसून कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ताब्यात असते व प्रक्रिया मेली की आपोआप सुटते. फाइल पुसल्याने दोन प्रक्रिया एकाच वेळी नोंदीत लिहू लागण्याचा धोका मात्र उद्भवतो. आर्च लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरचे कुलूप खरोखर फाइलरूप असल्याने, दुसरी प्रक्रिया चालू नाही याची खात्री करून ते काढणे योग्य.

खानदेशात दोन कारणे विशेष लक्षात घ्यावी लागतात. पहिले, अपग्रेड चालू असताना लाइट जाणे. पॅकेज उलगडलेले पण जुळवणी न झालेले राहते. 'डीपीकेजी' ला '--कॉन्फिगर -ए' सांगितल्यावर बहुधा काम पुरे होते. ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेवर अशा वेळी शून्य लांबीच्या फाइली उरत. २०१० च्या सुमारास डीपीकेजीत एफसिंकची (लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर उतरवणाऱ्या सूचनेची) भर पडल्यावर हा दोष बराच आटोक्यात आला. दुसरे, उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि कमकुवत रॅम वा तापलेला प्रोसेसर चुका करू लागतो. 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीच्या चुकीच्या वापरामुळे प्रोग्रॅम बंद पडणे) दर वेळी निराळ्या टप्प्यावर येत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवावी. तो नेहमी एकाच टप्प्यावर, याद्या वाचताना येत असेल, तर एपीटीची 'पीकेजीकॅश.बिन' ही तात्पुरत्या साठ्याची फाइल बिघडलेली असू शकते. ती निर्धास्त पुसावी, पुढल्या वेळी नव्याने तयार होते.

डिस्क भरणे हे कारण सर्वत्र सारखेच. जागेबरोबर आयनोडही (प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या मर्यादित नोंदी) तपासावेत.