ससा-मांजराची दोस्ती आणि सुपलीतल्या लेंड्या

मागच्या मे महिन्यात अमळनेरच्या आमच्या घरी रोज दुपारी एकच देखावा असायचा. धाब्याच्या घरातली मधली खोली, कूलरची घरघर, शहाबादी फरशीवर भाच्याचा पांढरा ससा गुंड्या अंग आवळून बसलेला, आणि दोन हातांवर मनी, पुढचे पाय छातीखाली दुमडून त्याच्याकडे एकटक बघणारी. भाचा फोटो काढायचा आणि सगळ्यांना दाखवत फिरायचा, ‘मामा, बघा ना, कसे दोस्त झालेत!’

दोस्तीचा निकाल आमच्या मायनं लावला. झाडलोट तिच्याकडे. एका सकाळी केर भरता भरता ती म्हणाली, ‘हाऊ काही खाई नही ऱ्हायना.’ एरवी सुपलीत हरभऱ्याएवढ्या गोल लेंड्यांचा ढीग निघायचा. त्या दिवशी निघाल्या दहा-बारा, त्याही ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्याचं पोट म्हणजे अखंड चालणारी गिरणी. गवतातला चोथा आतड्यातून पुढे सरकत राहायला लागतो, आणि उरलेला बारीक भाग अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या पिशवीसारख्या फुगीर भागात, जीवाणू आंबवतात. तिथून निघणारा मऊ, द्राक्षाच्या घडासारखा मल ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन पुन्हा खातो. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण जीवाणूंनी तयार केलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला अशीच मिळतात. ही गिरणी भीतीनं बंद पडू शकते. भ्यालेल्या प्राण्याच्या अंगात ॲड्रेनॅलिन वाढतं, रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं आणि आतड्यांची हालचाल मंदावते. आपल्याला परीक्षेच्या आधी जेवण जात नाही, तसंच. फरक इतकाच की आपण संध्याकाळी जेवतो. सशाची गिरणी दहा-बारा तास थांबली तर आत वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. त्याला उलटीही करता येत नाही.

मग तो पळाला का नाही? कारण न हलणं हेही सशाचं एक हत्यार आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. अगदी नाकासमोरचा छोटासा भागच दिसत नाही. उलट मांजराचे डोळे समोर, झडपेचं अंतर अचूक जोखायला. आणि तिच्या नजरेला हलणारी गोष्ट चटकन पकडता येते. म्हणून मोकळ्यावर सापडलेला ससा थिजतो. सशाला उताणं धरलं की तो गप्प पडतो आणि लोक म्हणतात ‘किती लाड आवडतात याला’, तोही प्रकार बहुतेक वेळा भीतीचाच.

फोटो पुन्हा पाहिला तेव्हा आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. बाहेर 43 अंश असताना निवांत ससा फरशीवर मागचे पाय लांब सोडून पसरतो, कारण अंगातली उष्णता त्याला बाहेर टाकायची असते. गुंड्याचे चारही पाय पोटाखाली होते, कान पाठीला चिकटलेले, डोळे वटारलेले. आम्ही त्यालाच शांतता समजत होतो.

मनीचा यात दोष काय? पोट भरलेलं असलं तरी मांजर शिकार करतं. भूक आणि पाठलाग या तिच्या मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या गोष्टी आहेत. पण हे सगळं जन्मानंच ठरलेलं असतं असंही नाही. 1930 साली झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञानं मांजराची पिल्लं तीन तऱ्हांनी वाढवली. आई उंदीर मारताना बघत वाढलेल्या 21 पिल्लांपैकी 18 उंदीर मारू लागली. एकट्यानं वाढलेल्या 20 पैकी 9. आणि उंदरासोबत एकाच पिंजऱ्यात वाढलेल्या 18 पैकी फक्त 3. या तिघांनीही सोबत वाढलेल्या जातीच्या उंदराला हात लावला नाही; मारले ते वेगळ्या जातीचे. मला या प्रयोगातली ही शेवटची ओळच जास्त महत्त्वाची वाटते. मांजराचा तह एका ओळखीच्या जनावराशी होतो, अख्ख्या जातीशी होत नाही. थोरल्या सशाशेजारी झोपणारी मनी उद्या बाजारातून आणलेल्या मूठभर पिल्लाला सोडेल, असं धरून चालू नका.

मांजराच्या पिल्लाचा ओळखी करण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. त्या वयात ससा, तोही चांगला दीड-दोन किलोचा, घरात असेल तर काम सोपं. बऱ्याचदा मोठा ससाच पिल्लाला हुसकावतो. मनी आमच्याकडे आली ती गल्लीत दोन पावसाळे काढून, उंदीर मारण्यात पटाईत होऊन.

मनीचा एक दात तरी लागला असता तर? बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जीवाणू असतात. सुईसारख्या दाताची जखम वरून मिटते, आत पू होतो. सशाचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो. आपोआप वाहून जात नाही. इथं घरगुती डॉक्टरकी महागात पडते. माणसाची ॲमॉक्सिसिलिनची गोळी तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले उपयोगी जीवाणू मरतात, विषारी वाढतात आणि ससा औषधानंच जातो. मांजराच्या मानेवर पिसवांसाठी टाकतात तो फिप्रोनिल या औषधाचा थेंबही सशाच्या जिवावर बेततो. मनीला फिप्रोनिल टाकलं असेल तर गुंड्याला तिच्या अंगाला लागू देऊ नये.

जाता जाता: कपाशीच्या नाहीतर हरभऱ्याच्या शेतात सापडलेलं सशाचं पिल्लू ‘पाळू’ म्हणून घरी आणायची आपल्याकडे जुनी हौस. तो हा ससा नव्हे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ करत नाही, त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन येतात. दोघांचा संकर होत नाही. रानससा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, आणि एकटं दिसलेलं पिल्लू बहुधा टाकलेलं नसतं. आई दिवसा मुद्दाम लांब राहते.

बिळातला प्राणी म्हणूनच खान्देशातला उन्हाळा त्याला जड जातो. सशाला घाम नावालाच. उष्णता जाते ती कानांतल्या रक्तवाहिन्यांतून, आणि हवाच तापली की तीही वाट बंद. तिशीपलीकडे पारा गेला की त्याला सावली, गारवा लागतोच. मातीच्या धाब्याखाली ठीक, पत्र्याखाली नाही. केळी आमच्या जिल्ह्यात मुबलक, म्हणून लोक कौतुकानं केळं भरवतात. नखाएवढी फोड पुरे. साखरेनं आतली आंबण बिघडते. लसूणघासही मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार; वाळलेलं गवत पोटभर द्यावं.

त्याच दिवशी गुंड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, सलाइन लावलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, ‘घरात मांजर आहे का?’ घरी आल्यावर मनीची रवानगी ओसरीवर झाली. मधल्या दाराला जाळी लागली. गुंड्याला दोन तोंडांचं खोकं मिळालं, म्हणजे एकीकडून कोणी आलं तर दुसरीकडून निघता यावं. गोठवलेली पाण्याची बाटली जुन्या धोतरात गुंडाळून खोक्याशी ठेवली. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोघांची खाणी एकाच वेळी मांडायची, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. गुंड्यानं मागचा पाय आपटला की पुन्हा मागे.

महिना होत आला तेव्हा एके दुपारी जाळीच्या पलीकडे मनी झोपली होती आणि अलीकडे गुंड्या मागचे पाय लांब सोडून आडवा. भाच्यानं मोबाइल काढला. माय म्हणाली, थांब, आधी सकाळची सुपली बघ. ती काठोकाठ भरली होती.