‘प्रगत देशांत प्रत्येक तरुणाला दोन वर्षे सैन्यसेवा सक्तीची’: किती खरे?

वर्षानुवर्षे फिरणारा हा दावा थोड्या देशांचे वास्तव सगळ्यांना लावतो. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ साली थांबली, तर जर्मनीने ती २०११ मध्ये स्थगित केली. जपान आणि कॅनडातही ती नाही.

गल्लत बहुधा नोंदणीमुळे होते. अमेरिकेत १८ ते २५ वयाच्या पुरुषांची नोंद कायद्याने ठेवली जाते, पण नोंद म्हणजे भरती नव्हे.

जिथे सक्ती आहे तिथेही ‘प्रत्येक’ आणि ‘दोन वर्षे’ हे शब्द क्वचितच टिकतात. स्वित्झर्लंडमध्ये ती फक्त पुरुषांना आहे. ऑस्ट्रियात ६ महिने सैन्यात, किंवा ९ महिने रुग्णवाहिका, वृद्धसेवा अशा नागरी कामात. नॉर्वेत २०१५ पासून स्त्री-पुरुष दोघेही पात्र, मात्र गरजेपुरतेच निवडले जातात. सिंगापूरच्या पुरुषांना मात्र खरोखरच दोन वर्षे द्यावी लागतात.

पडताळताना त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर मूळ कायदा उघडा. तो लागू आहे की स्थगित, हे आधी पाहा; बहुतेक चुका इथेच होतात. मग कोणाला, किती महिने आणि नागरी पर्याय आहे का, ते वाचा. सक्ती असावी की नसावी, हा वाद महत्त्वाचा आहे, म्हणूनच त्यातली उदाहरणे खरी हवीत.